वाळत नाही तो डायपर विकायचा नाही

कापडी डायपरचा धंदा करते म्हटलं की लोक पहिलं विचारतात शिवायला कोण आहे, मग विचारतात इन्स्टावर फॉलोअर किती. वाळायचं कसं हे कोणी विचारत नाही. आणि खरं सांगू का, कोल्हापुरात बसून हा धंदा करायचा म्हणजे सगळा खेळ वाळण्याचाच आहे. कापड कुठलं घ्यायचं, किती पदर घालायचे, शिलाई कुठे मारायची, जून ते सप्टेंबर काय अजिबात विकायचं नाही, हे सगळं शेवटी दोरीवर जाऊनच ठरतं.

तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा वेळा ओलं करतं, कधी त्याहून जास्त. एप्रिलमध्ये सकाळी धुतलेलं दुपारच्या आत कडक वाळतं, म्हणजे पंधरा-वीस लंगोटांत घर आरामात चालतं. जुलैत तेच दोन-दोन दिवस गॅलरीत लोंबकळत राहतं, हाताला वाळल्यासारखं लागतं पण नाकाजवळ नेलं की कुबट वास. मग आईला डबल साठा लागतो, म्हणजे डबल पैसे, आणि ती म्हणते ताई मग मी डिस्पोजेबलच का नको वापरू. तिचं चुकत नाहीये.

म्हणून मी एक ठरवून टाकलंय की जाड, सगळं एकत्र शिवलेला, आत सहा-आठ पदर घातलेला डायपर मी करत नाही. दिसायला तो भारी असतो, फोटोत गुबगुबीत दिसतो, आणि गिऱ्हाईकाला पण तोच हवा असतो कारण तो डिस्पोजेबलसारखा नुसता लावायचा आणि काढायचा. पण पदर जेवढे एकमेकांना शिवून टाकाल तेवढी आतली हवा बंद, मग मधले पदर वाळतच नाहीत. माझ्याकडे काय, एक मोठा चौकोनी मलमलचा तुकडा, त्याची घडी घालायची, आणि वर एक कव्हर. धुताना घडी उघडली की एकच पदर, दोरीवर टाकला, पंखा लावला, झालं. आठ पदरांचं काम घडी करते आणि वाळायला एक पदर. आमच्या आज्ज्या हेच करायच्या, त्यात मी काही शोध लावला नाही.

आणि खरी स्पर्धा कोणाशी आहे सांगू? मोठ्या कंपन्यांशी नाही. आजीच्या जुन्या लुगड्याशी. एक सासूबाई स्टॉलवर आल्या होत्या, सुनेच्या हातातला पीस उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "अगं ह्याला पैसं कशाला घालाय पायजेत, माझं लुगडं हाय की, चार तुकडं फाड." आता ह्याला काय उत्तर देणार. बरोबरच बोलल्या. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती लुगड्याइतकं चांगलं शोषणारं कापड नवीन विकत मिळतच नाही. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, ते जोवर निघत नाही तोवर पाणी वरून घसरून जातं. जुन्या लुगड्यातलं ते कधीच निघून गेलेलं असतं. पण हल्ली जुनी सुती लुगडी आहेत कुणाच्या घरात? पुढच्या पिढीच्या कपाटात सगळं सिंथेटिक, ते फाडून काय उपयोग, पाणी पितच नाही ते. बारशापर्यंत बाळाला नवीन कापड घालायचं नाही म्हणतात त्यात पण हेच असणार असं मला वाटतं, नवीन कापड कडक असतं आणि शोषत नाही.

म्हणून मग मी काय करते, इचलकरंजीहून ग्रे कापडाचे तागे आणते. इथून तीसेक किलोमीटर, घरापासून तासाभरात यंत्रमाग, हे माझं नशीब. पण ग्रे कापड म्हणजे मागावरून जसं उतरलं तसं, त्यात कापसाचं मेण तर आहेच, वर सायझिंगची खळ, कारण ताण्याचा, म्हणजे उभा धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावतातच. हे असंच शिवून विकलं तर पहिल्या दिवशी सगळं बाळाच्या पाठीपर्यंत. कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या प्रोसेसवाल्यांना दिलं तर ते ब्लीच करून पांढरंशुभ्र करून देतात, पण मला पांढरं नको होतं, आणि आमच्या छोट्या लॉटला तिथे कोण विचारतंय. मग आम्ही घरच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून उकळतो. पाणी चहासारखं पिवळं-तपकिरी होतं, ते बघून नवीन आलेली शिवणारी ताई घाबरलीच, म्हणाली मॅडम कापडाचा रंग गेला. रंग कसला, तो कापसातलाच माल. उकळून दोनदा धुतल्यावर कापड आटतं आणि मगच कटिंग. हे कुठे फोटोत दिसत नाही, पण माझी निम्मी मजुरी इथेच जाते.

रात्रीसाठी मलमल पुरत नाही, तिथे सोलापूरच्या टेरीचा तुकडा आत ठेवायला देते. टॉवेलचंच कापड, वेढ्यांमुळे पाणी भरपूर धरतं, आणि वेगळा तुकडा असल्यामुळे वाळतो पण वेगळा. काही जण म्हणतात हेंप घाला, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, जास्त धरतं. धरतं खरं, पण हळू पितं आणि वाळायला सगळ्यात हट्टी, शिवाय महाग. माझ्या पावसाळ्यात ते बसत नाही.

आता बांबू. रोज एक तरी मेसेज असतो, ताई बांबूचं आहे का, नॅचरल हवंय. बाजारात जे मऊमऊ बांबूचं कापड म्हणून मिळतं ते जवळजवळ सगळं व्हिस्कोस, म्हणजे एक प्रकारचं रेयॉन असतं. म्हणजे बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून त्याचा परत धागा ओढलेला. वाईट आहे असं नाही, छान शोषतं, पण ते काय बनातून काढलं आणि विणलं असं प्रकरण नाही. अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच अशा कंपन्यांना धरलं होतं की रेयॉनला सरळ बांबू म्हणून विकू नका. आपल्याकडे अजून जोरात चाललंय. मला त्या पाकिटांवरच्या हिरव्या पानांचा फार राग येतो.

पण मग माझं तरी शंभर टक्के नैसर्गिक आहे का? नाही. कव्हर पीयूएलचं आहे, म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाला मागून पॉलियुरेथेनचा पातळ थर. आणि कव्हर शिवायचा धागा पण मुद्दाम पॉलिस्टर, कारण सुती धागा वातीसारखा आतलं पाणी बाहेर ओढतो आणि शिलाईच्या रेषेवर कपडे ओले होतात. जुकीच्या शिलाई मशीनवर शिवताना पिना लावायच्या नाहीत, प्रत्येक भोक म्हणजे गळती. वेल्क्रो पण नाही, धुण्यात त्याला सगळे धागेदोरे चिकटतात, म्हणून टिचबटणं. हे सगळं मी लेबलवर लिहिते आणि त्यामुळे काही ऑर्डरी जातात, जाऊ देत. आतलं सगळं सुती आहे, बाळाच्या अंगाला जे लागतं ते सुती आहे, आणि कव्हर एक-दोन वेळा ओलं झालं तरी फडक्याने पुसून परत चालतं म्हणून पाच-सहा कव्हरांत भागतं.

कोणीतरी म्हणेल मग लोकरीचं कव्हर कर. लोकर खरंच भारी वस्तू आहे, आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा धरते तरी हाताला कोरडी लागते, आणि तिच्यातल्या लॅनोलिन नावाच्या मेणासारख्या तेलामुळे पाणी लगेच बाहेर येत नाही. युरोपात वापरतात. आणि आमच्याकडे तर दख्खनी मेंढी दारात आहे, धनगर लोकर कातरतात, सनगर घोंगडी विणतात, मला किती वाटतं की ह्यातून काहीतरी व्हावं. पण दख्खनी लोकर जाडीभरडी, घोंगडं अंगावर घेतलेल्या माणसाला सांगायला नको, ती टोचते. शिवाय चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात. तान्ह्याच्या मांडीला ते नाही चालायचं. मऊ लोकर बाहेरून आणायची तर किंमत ऐकूनच लोक पळतील.

विकून झालं की खरं काम सुरू. फोन. "ताई, आता शोषतच नाहीये." ह्यातले निम्मे फोन बोअरच्या पाण्याचे असतात. जड पाण्यात साबणाची वडी घासली की कॅल्शियम आणि साबण मिळून जो पांढरा चिकट साका होतो तो कापडात बसतो, आणि मग महिन्याभरात कापड पाणी घेईनासं होतं. त्यांना सांगते वडी बंद, पावडर वापरा, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा, पाणी गरम. दुसरे फोन मऊ करणाऱ्या त्या सुगंधी लिक्विडचे, ते तर कापडावर थरच चढवतं, डायपरला कधीच लावायचं नाही. तिसरे वासाचे, सकाळी डोळ्यात पाणी येईल असा अमोनियाचा वास. लघवीतल्या युरियाचं जंतू अमोनिया करतात, म्हणजे धुणं कमी पडतंय किंवा ओलं बोळा करून बंद बादलीत पडून राहतंय. लोक लगेच जंतुनाशक ओततात, त्याने वास झाकला जातो आणि बाळाची त्वचा बिचारी भोगते. भरपूर पाणी, पुरेशी पावडर आणि ऊन, बास. डाग तर उन्हानेच जातात, ओलं असतानाच वाळत घालायचं, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग संध्याकाळपर्यंत दिसत पण नाही.

पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं हा प्रश्न राहतोच. आधीच्या बायका शेगडीवर टोपलं पालथं घालून त्यावर लंगोट वाळवायच्या, धुरीचा वास पण लागायचा. मलमलला आजही चालेल, कव्हरला चुकूनही नको, तो थर उष्णतेने सुटतो. मी सांगते वॉशिंग मशीनमध्ये जास्तीचा स्पिन द्या, रात्री पंख्याखाली टाका, आणि नाहीच जमलं तर त्या आठवड्यात डिस्पोजेबल वापरा. हे मी विकणारी बाई सांगते म्हणून लोकांना नवल वाटतं. पण ओलसर लंगोट घालून बाळाला रॅश आणण्यापेक्षा ते बरं.

आणि पर्यावरणाच्या नावाने ओरडणाऱ्यांनी पण हे ऐकावं. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ मध्ये दोन्हीचा बनवण्यापासून फेकण्यापर्यंतचा हिशोब मांडला होता, बाळ अडीच वर्षांचं होईपर्यंत लागणाऱ्या सगळ्या डायपरचा. डिस्पोजेबलचा कार्बन साधारण ५५० किलो, कापडीचा ५७०. म्हणजे कापडी थोडं जास्तच! पण पुढे बघा, मशीन भरून धुतलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या बाळाला तेच वापरलं तर कापडीचे सुमारे २०० किलो कमी होतात, आणि सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर २५० च्या आसपास वाढतात. बघा, परत वाळण्यावरच आलं की नाही. अमेरिकेतून एक-दोन मराठी मुली मागवतात माझ्याकडून, त्यांना मी पहिलं विचारते बाल्कनीत दोरी बांधू देतात का सोसायटीवाले.

कचऱ्याचं मात्र वेगळं आहे, तिथे वाद नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमात वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ संस्थेने कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला शिकवलं, म्हणजे कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला उघडून बघावं लागू नये. छान आहे, पण गावाकडे जिथे घंटागाडीच येत नाही तिथे ते डायपर ओढ्यात नाहीतर उकिरड्यावर जातात आणि कुत्री ओढत रस्त्यावर आणतात.

कोण धुणार हा प्रश्न मी प्रत्येक ऑर्डरला विचारते, आगाऊपणा वाटला तरी. कामाच्या मावशी शीचे कपडे धुवायला बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात, आणि का म्हणू नये. मग ओली बाळंतीण धुणार असेल तर थांबा, दोन महिने डिस्पोजेबल वापरा, मग या. नवरा धुणार असेल तर लगेच पाठवते. एक जण म्हणाला होता मॅडम व्हिडिओ कॉलवर दाखवा घडी कशी घालायची, त्याला दाखवली, आता तो मित्रांना शिकवतो म्हणे.

पैशाचं विचारतात सगळे. मोठा नफा नाही, शिवणाऱ्या ताया पीसवर काम करतात त्यांचा रेट मी पाडत नाही, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल परत येतात तेव्हा दोन्ही बाजूचं कुरियर माझ्या बोकांडी. राज्याबाहेर माल पाठवायचा म्हणून जीएसटी नंबर घ्यावाच लागला. सॅनिटरी पॅडवरचा कर २०१८ मध्ये शून्य झाला पण बाळाच्या डायपरवर १२ टक्के तसाच होता, कापडी असो की प्लास्टिकचा, एकाच खात्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. तेवढीच किंमत मी उतरवली.

आता यंदाचं सांगते. पावसाळ्यात फक्त मलमल आणि कव्हर मिळेल, टेरी दिवाळीनंतर, कितीही आग्रह केलात तरी. ऑर्डर देताना बाळाचं वजन, मांडीचा घेर आणि घरी पाणी नळाचं आहे की बोअरचं, तेवढं लिहून पाठवा.