मांजरपाटाची भिंत

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकदाही रंगमंचावर आलो नाही. माझी जागा मागे, फ्लॅट धरून. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड लावून केलेली नाटकातली भिंत. शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेत नटांची मनोगतं भरपूर येतील, म्हणून हे जरा भिंतीच्या मागच्या बाजूचं.

नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आपल्याच कोल्हापूरचे, हे चित्रकलेचे सर वर्षातून एकदा तरी ऐकवायचेच. पण रंगवलेल्या पडद्यातून माणूस दार उघडून येत नाही. घर दाखवायचं तर फ्लॅट हवेत, असा सरांचा हट्ट.

फ्लॅटची रुंदी ठरायची मांजरपाटाच्या, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाच्या, पन्ह्यावर. मध्ये शिवण आली की ती दिव्यात उठून दिसते. तीन इंची पट्ट्यांची दहा फूट उंच चौकट, मागून कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोणी तुकडे. हे तुकडे कडेपासून इंचभर आत ठोकायचे, नाहीतर दोन फ्लॅट काटकोनात जोडताना फट राहते. कापड आधी मधोमध चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, अडकवायचं आणि मग कोपऱ्यांकडे सरकायचं. आम्ही पोरं जोर लावून ओढायचो. सर ओरडायचे, "अरे ताणू नको! खळ लागली की ते आपोआप ताणतंय." खरंच होतं ते. खळीनं ओलं झालेलं कापड वाळताना आकसतं. आधीच ताणलेलं असेल तर पट्टी धनुष्यासारखी वाकते.

खळ मैद्याची, शिपाईमामांच्या स्टोव्हवर शिजायची. कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. त्याला हात लावायची परवानगी फक्त सरांना. रात्रभर वाळलेल्या फ्लॅटवर सकाळी टिचकी मारली की डफासारखा आवाज यायचा. मग सरस घातलेला खडूचा हात, आणि त्यावर रंग.

सगळ्यात त्रास दाराचा. एका नाटकात चिडलेल्या बापानं दार आपटलं आणि अख्खं घर थरथरलं. प्रेक्षक हसले, नट बिचारा जास्तच चिडला. दुसऱ्या वर्षीपासून सरांनी बिजागरीच्या बाजूला मागून तिरका टेकू दिला, त्याच्या पायावर वाळूची पोती ठेवली आणि उंबऱ्याच्या जागी लोखंडी पट्टी ठोकली. त्यानंतर बापानं कितीही आपटावं!

हल्ली फ्लेक्सवर वाडा छापून मिळतो. तासाभरात काम होतं, हे मान्य. पण फ्लेक्सवर दिवा पडला की वाडा चकाकतो, आणि त्याच्या ओसरीवर कुणाला टेकता येत नाही. मला तो आवडत नाही, बस्स.

या महोत्सवाच्या संमेलनात नाटक असेल तर आधी मला कळवावं. लाकूड आणि मांजरपाट माझ्याकडून. खळ मात्र मुलांनीच शिजवायची.