तुम्ही विचारलंत म्हणून: भिवंडी तेव्हा का पेटली नाही?

मी भिवंडीची आहे म्हटलं की वयाने मोठी माणसं हमखास विचारतात, “92 ला मुंबई जळत होती, तुमच्याकडे दंगल कशी झाली नाही?”

आश्चर्य वाटणारच. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी आमच्या गावाचं नावच भीतीचं झालं होतं. 1970 नंतर न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकावर ठपका ठेवला, त्यांनी तपासात मुसलमानांशी दुजाभाव केला म्हणून. आमच्या गल्लीतल्या लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागावर काम करणाऱ्यांना, हे कुणी अहवालातून सांगायची गरज नव्हती.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी जवळपास 70 मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान बरोबरीने, आणि पुढारी नव्हे तर गल्लीतली साधी माणसं. माझे वडील शाळामास्तर, ते आमच्या कमिटीत होते. बैठकीत बोलणं काय, तर तुंबलेलं गटार आणि लूमचा रात्रीचा खडखडाट. वडील कंटाळून घरी यायचे. पण बीटचा हवालदार तिथेच बसलेला असायचा, सगळ्यांना नावानिशी ओळखायचा.

एकदा दोन पोरांची मारामारी झाली. एक आमच्यातला, दुसरा उत्तरेकडून आलेल्या लूम कामगाराचा. पूर्वी काय व्हायचं ते ठरलेलं होतं: एकाला दम देऊन घरी, दुसऱ्याला कलम 151 खाली, म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून आधीच अटक करून, आत; वर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेणारी कारवाई. दोन्ही कायद्यातच बसायचं. कुणाला उचलायचं हे हवालदाराच्या मनावर. या वेळी त्याने दोघांच्या आयांना बोलावलं, माझ्या वडिलांना आणि शेजारच्या चाचांना बसवलं, आणि एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद, लिहिली. दोघांचीही नावं घालून. चाचा पुढे कितीतरी वर्षं सांगायचे, “मास्टरजी, पहली बार दोनों का नाम लिखा.”

92 च्या डिसेंबरात, बाबरी पाडल्यावर, अफवा सुटल्या तेव्हा हाच हवालदार रात्री आमचं दार वाजवायला आला. वडील आणि चाचा त्याच्याबरोबर घरोघर फिरले. आई जागी होती. मीही. माझ्या मते भिवंडी वाचली ती अशा फिरण्याने, आणि त्याआधीच्या चार वर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांनी.

पण 92 वर थांबले तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. 2006 च्या जुलैत कबरस्तानालगतच्या जागेत पोलीस ठाणं बांधण्यावरून वाद चिघळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघं गेले, आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. चारही घरांचा विचार आजही मला सोडत नाही. आमच्या गल्लीतली बैठक तोवर केव्हाच बंद पडली होती. जुना हवालदार बदलून गेला होता.

त्या रात्री चाचा आमच्याकडे आले. “मास्टरजी, चौकी में अब अपना पहचान का कौन है?”

वडिलांना एकही नाव सांगता आलं नाही.