व्हॅन डी ग्राफ: गळती खांबातच होती!

सापडली! माझ्या व्हॅन डी ग्राफ यंत्रात फिरता रबरी बेल्ट विद्युतभार वर नेतो आणि तो विसंवाहक खांबावरच्या धातूच्या पोकळ डोमवर साठतो. डोमवरचा हा भार पळवणारी वाट अखेर सापडली. डोमवर भार टिकत नाही असं मागच्या वेळी लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांचा संशय बेल्टवर होता, पण बेल्ट निर्दोष आहे. काळ्या रबरात वीज वाहून नेणारा कार्बन असतो म्हणून मी पांढरं लॅटेक्सच वापरतोय, आणि अंधारात कंगव्याच्या (बेल्टशी भाराची देवघेव करणाऱ्या धातूच्या दातेरी पट्टीच्या) टोकांशी निळसर चमक छान दिसते. भार वर पोचत होता, टिकत नव्हता.

मग सुवर्णपत्र विद्युतदर्शी काढली. वरच्या चकतीला भार दिला की तिची पातळ पानं फाकतात, भार गेला की मिटतात (माझ्या विद्युतदर्शीत पानं ॲल्युमिनियमची आहेत). पानं फाकवली, पीव्हीसीचा खांब सुटा करून हातात धरला आणि त्याचं टोक चकतीला टेकवलं. पानं सावकाश मिटली. ॲक्रिलिकची पट्टी टेकवली तेव्हा मात्र हललीसुद्धा नाहीत.

पीव्हीसी चांगलाच विसंवाहक आहे. गळती होते ती त्याच्या अंगावर बसलेल्या ओलाव्यातून, आणि त्यात बोटांच्या घामाचं मीठ. पुण्यातली श्रावणातली हवा म्हणजे विचारूच नका. आपली यंत्रं जेमतेम काही मायक्रोॲम्पिअर देतात. खांबाचा रोध दहा अब्ज ओहम धरला, तरी एक लाख व्होल्टला दहा मायक्रोॲम्पिअर तिथूनच निघून जातात! मल्टिमीटर अशा खांबाला सरळ 'ओपन' दाखवतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

खांब बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरने धुतला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, हेअर ड्रायरने सुकवला. लगेच कडकडीत ठिणग्या! पण थोड्या वेळात परत मरगळ. म्हणून खांबावर थर द्यायला बोहरी आळीतून चपडा लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपातली लाख) आणली. फॅरेडेनेही 1837 च्या सुमारास विसंवाहकांच्या प्रयोगांत लाख वापरली होती. तयार पॉलिशपेक्षा चपडा स्वतः स्पिरिटमध्ये विरघळवलेला बरा, त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. खांबाला लाखेचे हात पातळ द्यायचे आणि प्रत्येक हातानंतर कोमट हवा मारायची, नाहीतर दमट हवेत थर पांढरा पडतो.

काल बाहेर भुरभुर चालू असताना सात सेंटिमीटरची ठिणगी मिळाली. काय आवाज होता! डोमचा व्यास 25 सेंटिमीटर आहे, म्हणजे हवेच्या 30 किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर मर्यादेने कमाल पावणेचार लाख व्होल्ट. अजून बरीच जागा आहे. डोम ज्या दोन पातेल्यांचा केलाय, त्यांच्या सांध्याची कडा घासून गुळगुळीत करायची आहे, भार तिथूनही हवेत सुटतोय.

पुढे लेडन जार (विद्युतभार साठवणारी बरणी) करणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं: खांबाच्या तळाशी, बेल्टपासून लांब, एक छोटा पिवळा बल्ब बसवला तर? खांब खोलीपेक्षा जरा गरम राहिला की ओलावा धरणारच नाही. जार थांबू दे, आधी तापकीर गल्लीतून होल्डर आणतो. खांब आतून गरम ठेवून पाहिलाय का कुणी? लॅटेक्सवर काय परिणाम झाला, ते जरूर सांगा.