डावा इंडिकेटर बंदच होईना, म्हणून स्टिअरिंग उघडलं

गेल्या महिन्यात बेळगावच्या खानापूर रोडवर जे झालं, त्यानंतर हे काम अजून पुढं ढकलायचं धाडस राहिलं नाही. उद्यमबागेत पेट्रोल घालून पंपातून डावीकडं वळून रोडला लागलो आणि डावा इंडिकेटर तसाच चालू राहिला. पाऊस धो धो, काचा वर, वायपर चालू, त्यात टिकटिक काही ऐकू आली नाही. पिरनवाडीच्या अलीकडं डाव्या गल्लीतून एक मामा स्कूटरवरून सरळ माझ्यापुढं. ब्रेक दाबला, गाडी थोडी घसरली, मधी हातभर अंतर राहिलं असंल. काच खाली करून मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "अहो, साईड दाखवलासा की तुम्ही! वळणार म्हणूनच मी आलो!"

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी माफी मागितली आणि खानापूरला सासुरवाडीला पोचेपर्यंत हात थरथरत होते.

आपल्याकडं तर इंडिकेटरचे अर्थ पण दोन-दोन आहेत. ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तो कधी खरंच वळायला आणि कधी मागच्याला "ये, ओव्हरटेक कर" म्हणून सांगायला. पिरनवाडीला जांबोटीचा रस्ता उजवीकडं फुटतो, तिथं हा घोळ रोज बघायला मिळतो. उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागं एक लाइट नाही, अशा रस्त्यावर माणूस जो दिवा दिसतो त्याच्यावरच भरवसा ठेवून निघतो. त्यामुळं इंडिकेटर अजिबात न लागणं परवडलं, पण खोटा लागलेला नको, असं माझं आता पक्कं मत आहे.

तर गाडी माझी 2008 ची, केए 22 पासिंग, एअरबॅग नसलेली. उजवा इंडिकेटर वळून झाल्यावर आपोआप बंद व्हायचा, डावा नाही. आधी एका मेस्त्रींना दाखवलं होतं, ते म्हणाले, "हातानं बंद करत जावा की सर, त्याला काय हुतंय." मी पण सहा महिने तेच करत बसलो.

हे आपोआप बंद होण्याचं काम नुसतं मेकॅनिकल आहे, त्यात वायरिंगचा काही संबंध नाही. स्टिअरिंगच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची रिंग असते, तिला दोन कान. इंडिकेटरच्या दांडीचा जो स्विच असतो त्यात एक छोटी जीभ असते, बारीक स्प्रिंगवर. दांडी खाली किंवा वर केली की ती जीभ पुढं येते. तुम्ही वळता तेव्हा रिंगचा कान जिभेला बाजूला सारून निघून जातो, काही होत नाही. पण स्टिअरिंग परत सरळ करताना तोच कान उलट्या बाजूनं येऊन जिभेला अडकतो, ढकलतो, आणि दांडी टक करून मधी येते. इतकंच! 1940 सालच्या ब्यूक गाड्यांत ही सोय आली आणि इतक्या वर्षांत मूळ कल्पना तीच राहिली, मला तर हे बघून फार भारी वाटलं.

म्हणून दोन्ही बाजूचे बंद होत नसतील तर आधी रिंगचे कान तुटलेत का ते बघायचं. एकाच बाजूचा होत नसेल तर जिभेवर संशय घ्यायचा.

रविवारी सकाळी बसलो. पुढची चाकं सरळ, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, हॉर्नचं झाकण काढलं, आत 17 चा नट. नट काढायच्या आधी बायकोची नेलपॉलिश घेऊन स्टिअरिंगवर आणि ते ज्याच्यावर बसतं त्या मधल्या दातेरी दांड्यावर एक रेघ मारली. आणि नट पूर्ण काढायचा नाही, चार आटे ठेवायचे, कारण स्टिअरिंग घट्ट बसलेलं असतं आणि जोर लावल्यावर एकदम सुटून तोंडावर येतं. दोन्ही हातांनी इकडं-तिकडं हलवत ओढलं की सुटतं, हातोडा मारायचा नाही.

ज्यांच्या गाडीला एअरबॅग आहे त्यांनी कृपा करून हे घरी करू नका. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर विषयच संपला. स्टिअरिंगमागं पट्टीसारख्या वायरची गुंडाळी असते, ती चुकून जास्त फिरली तर तुटते आणि एअरबॅग ऐनवेळी उघडणार नाही. शिवाय नको तेव्हा उघडली तर समोर तुमचं तोंड असतं.

आत बघितलं तर रिंगचे दोन्ही कान शाबूत. जिभेभोवती मात्र जुनं ग्रीस वाळून काळं, डिंकासारखं झालेलं. कान साफ करायच्या काडीनं सगळं पुसून काढलं, थोडं पांढरं ग्रीस लावलं, बोटानं दाबलं तर जीभ झटकन परत यायला लागली. वाटलं, झालं काम.

तीन दिवस चाललं, चौथ्या दिवशी परत तेच. शिवाय सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं तिरकं दिसायला लागलं होतं, म्हणजे बसवताना रेघ नीट न बघता मी एक दात पुढं बसवलं होतं. तसं झालं की रिंगचे कान पण सरकतात, मग एका बाजूचा इंडिकेटर लवकर बंद होतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा.

परत उघडलं. या वेळी स्विच उन्हात धरून बघितला तेव्हा कळलं, जिभेचा एका बाजूचा कोपरा झिजून गोल झालेला, नखाएवढा सुद्धा नाही तो भाग. कान त्याच्यावरनं घसरून जात होता. असल्याला फेविक्विक लावून काही होत नाही. नवीन स्विच आणला, तीन स्क्रू, मागचे सॉकेट, अर्ध्या तासात बसला. रेघ दोनदा बघून नट आवळला, मग घरासमोरच्या मोकळ्या जागेत पोराला मागं उभं केलं. तो ओरडतोय, "पप्पा, लागलंय... गेलं!" दोन्ही बाजूला दहा-दहा वेळा करून बघितलं.

एक सांगायचं राहिलं. हायवेवर लेन बदलताना किंवा हलक्या वळणाला स्टिअरिंग इतकं फिरतच नाही, कान जिभेला ओलांडून जातच नाही, तेव्हा नवीन स्विच असला तरी इंडिकेटर हातानंच बंद करावा लागतो. तो बिघाड नाही, त्यासाठी उगीच स्टिअरिंग उघडत बसू नका.