हरभऱ्याच्या रानात उतरलेलं सेस्ना

दौंडच्या पुढे हरभरा काढलेल्या रानात सेस्ना १७२ हे छोटं विमान उतरलंय, असा फोन आला आणि मी पुण्याहून दुरुस्तीची हत्यारं घेऊन निघालो. पोचलो तर विमानाला ओरखडाही नव्हता.

आधी वैमानिकाचा हिशोब पाहिला. निघताना डिपस्टिकने मोजलेलं इंधन १२० लिटर, दोन्ही टाक्यांत ६०-६०. क्रूझला, म्हणजे उंची गाठून सरळ उडताना, हे इंजिन तासाला साधारण ३४ लिटर पितं. पावणेदोन तासांचे ६०, टॅक्सी (जमिनीवर चालणं) आणि चढाईचे ६, पाऊण तासाचा राखीव २६, झाले ९२. कागदावर २८ लिटर वरच होतं. तरी तासाभरात डाव्या टाकीतलं इंधन दाखवणारं गेज शून्याला टेकलं.

सेस्नाच्या गेजवर आम्ही कोणीच फार विसंबत नाही. पण दोन गेजांत एवढी तफावत दिसली की ती खरीच धरायची. त्याने कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा सिलेक्टर 'बोथ'वरून, म्हणजे दोन्ही टाक्यांवरून, फक्त उजवीकडे केला आणि इंजिन चालू असतानाच रान निवडलं, हे मला सगळ्यात पटलं. इंजिन बंद पडल्यावर ६८ नॉट्सच्या (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) ग्लाइडमध्ये, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरताना, हजार फुटांमागे जेमतेम अडीच किलोमीटर हाती लागतात. फेरी मारून विजेच्या तारा, विहीर, बांध बघायला सवड कुठली? शेजारचा उभा ऊस वरून गादीसारखा दिसतो, पण त्यात चाकं अडकली की विमान उलटतं. ज्वारीची धसकटं टायर फाडतात. याने सरीच्या दिशेने, वेग कमी करायला पंखांमागचे फ्लॅप पूर्ण खाली देऊन, दारांच्या कड्या आधीच सोडून विमान टेकवलं.

डावी टाकी कोरडी, उजवीत ३५ लिटर. हिशोबाने एकूण ७०च्या आसपास उरायला हवं होतं. पंखावर चढलो तर डाव्या टाकीच्या झाकणामागे मागच्या कडेपर्यंत निळा ओघळ. (अव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं ते बरंच आहे.) झाकणाची रबरी सील कडक होऊन चिरली होती. उडताना पंखाच्या वर दाब कमी असतो, त्यामुळे फटीतून इंधन ओढलं जातं. सिलेक्टर 'बोथ'वर राहिला तर उजव्या टाकीतलंही डावीकडे सरकून त्याच वाटेने जाऊ शकतं. जमिनीवर मात्र थेंबही गळत नाही, म्हणून उड्डाणापूर्वीच्या तपासणीत झाकण घट्ट आहे एवढंच बघून भागत नाही. ते काढून सील बोटाने दाबून पाहावी लागते.

रान लहान होतं, तिथून उडवणं शक्यच नव्हतं. उरलेलं इंधन काढून घेतलं आणि पंख सोडवायला सुरुवात केली.