मिनी ट्रॅक्टरचा मागचा फोकस बदलताना

गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, अठरा दिवस झाले होते आणि दुपारी पाऊस पडून गेला होता. द्राक्षवाल्याला यापुढचं सांगायला नको. कोवळी पानं ओली, घड बाहेर पडलेले, डावणीच्या बुरशीला मोकळं रान. वारा पडला की लगेच औषध मारायचं, मग रात्रीचे नऊ वाजोत नाहीतर अकरा.

आमची बाग निफाड तालुक्यात. नऊ बाय पाच फुटांची लागवड, वाय पद्धतीचा मांडव, चोवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि मागे ६०० लिटरचा ब्लोअर, म्हणजे वाऱ्याच्या झोताने औषध फवारणारं यंत्र. त्या रात्री मी दोन टाक्या मारल्या. मागचा फोकस मधूनमधून मिचमिचत होता, त्याच्या पिवळट उजेडात ब्लोअर फिरतोय एवढं कळत होतं. आठवड्याभरात पानांवर तेलकट डाग दिसले, तेही एकाआड एक ओळीत. नाना म्हणाले, "ही डावणी मोजून-मापून कशी काय आली रे?"

कारण साधं होतं. ब्लोअरचे डावीकडचे खालचे दोन नोझल गाळाने बसले होते. एका गल्लीतून खाली येताना जी ओळ डाव्या हाताला असते, तीच शेजारच्या गल्लीतून वर जाताना पुन्हा डाव्या हाताला येते. म्हणजे ती ओळ दोन्ही बाजूंनी कोरडी राहिली आणि तिच्या शेजारणीला दोन्ही बाजूंनी औषध मिळालं. दिवसा हे एका नजरेत कळलं असतं. रात्री मला नोझलच दिसत नव्हते.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. बाजारात गेलो आणि '१२६ वॅट' असं ठळक छापलेला एलईडी बार घेऊन आलो. मडगार्डवरचा जुना दिवा काढला, त्याचीच वायर बारला जोडली, वरून काळी टेप गुंडाळली. लागला की! पांढराशुभ्र उजेड. दुसऱ्या दिवशी खड्ड्यातून जाताना बंद पडला, पुढच्या खड्ड्यात लागला. चौथ्या दिवशी फ्यूज उडाला. शेजारच्या चुलतभावाने सुचवलं की फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळ, कटकट मिटेल. त्याच्या ट्रॅक्टरची वायरिंग दोन वर्षांपूर्वी डॅशखाली जळाली होती. तारेचा आणि त्या जळण्याचा संबंध त्याने अजून लावलेला नाही.

शेवटी पिंपळगावच्या एका वायरमन काकांकडे गेलो. त्यांनी बार हातात घेतला, बॅटरीला थेट जोडून मीटरने करंट मोजला: १.९ अँपिअर. बॅटरी १२.६ व्होल्ट. गुणाकार केला तर २४ वॅट. "बाकीचे शंभर वॅट स्टिकरमध्ये आहेत," एवढंच बोलले आणि बार बाजूला ठेवला. मग माझ्या पिशवीतला जुना हॅलोजन बाहेर काढायला लावला. मला वाटलं होतं तो गेलाय. बॅटरीला लावल्यावर असा झगझगीत पेटला की मी चाट पडलो. ५५ वॅटचा साधा एच३ बल्ब, त्याला काहीच झालं नव्हतं.

"ट्रॅक्टर घेऊन या," म्हणाले, "दुखणं दिव्याला नाही."

त्यांनी मला मीटर धरायला शिकवलं, आणि या सगळ्या खटाटोपातली हीच गोष्ट मी कुणालाही आधी सांगेन. जुना हॅलोजन जागेवर बसवून चालू केला. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट. दिव्याच्या टोकांवर १०.३. वाटेत दोन व्होल्टच्या वर गायब! हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. आमचं सोळा-सतरा टक्के घटलं होतं, म्हणजे निम्म्याच्या आसपास उजेड आम्ही वायरीतच घालवत होतो.

कुठे गेलं ते शोधायचं म्हणजे मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दिव्याच्या मायनसला लावायचं. दिवा चालू असताना तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आमच्याकडे ०.९ आलं. दिव्याचा मायनस म्हणजे मडगार्डचा बोल्ट. त्या बोल्टवर आठ हंगामांचं औषध, पाणी आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) बसलेलं. मोरचूद जिथे साचतं तिथे लोखंड खातं. बोल्ट काढला तर वॉशरखाली हिरवट-तांबूस भुगा, धातू दिसेना. प्लसच्या बाजूला दोन जोड, एक माझा टेपवाला. दुसरा कुणी केला होता ते नाना सांगत नाहीत. सीटखाली एका जागी उंदराने वायरीची कातडी सोललेली. उरलेलं व्होल्टेज स्विचमध्ये मरत होतं.

गंमत अशी की एलईडीने हे सगळं झाकून ठेवलं असतं. चांगल्या एलईडीच्या आत सर्किट असतं, नऊपासून तीस व्होल्टपर्यंत कितीही द्या, तो सारखाच पेटतो. म्हणजे जोड गरम होत राहणार, उंदराने सोललेली वायर पत्र्याला टेकत राहणार, आणि आपण मात्र उजेड बघून खूश.

काम आम्ही दोन संध्याकाळी केलं. बॅटरीचा मायनस आधी सोडायचा. हे मी आता न चुकता करतो, कारण पहिल्या संध्याकाळी विसरलो तेव्हा पाना प्लसवरून पत्र्याला टेकला आणि जी ठिणगी उडाली ती पाहून नाना घरातून चप्पल न घालता बाहेर आले. पान्यावर खळगा पडलाय, अजून आहे.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज होल्डर, त्यात १५ अँपिअरचा निळा फ्यूज. तिथून अडीच स्क्वेअर एमएमची वायर रिलेला, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला. रिलेच्या चार पायांची मला आधी फार भीती वाटायची, पण ते पाठ व्हायला वेळ लागत नाही: ३० ला बॅटरी, ८७ मधून दिवा, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. स्विचमधून फक्त कॉइलचा करंट जातो, अर्धा अँपिअरसुद्धा नाही, त्यामुळे स्विच तापायचा प्रश्न संपला. स्विच दाबला की सीटखालून 'टक्' असा आवाज येतो. कॉइलचा प्लस चावीच्या पुढून घेतला, नाहीतर दिवा चालू राहून सकाळी बॅटरी बसणार हे आमच्या घरात नक्की होतं.

मायनससाठी वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत आणली, बोल्टच्या भरवशावर ठेवली नाही. जोडांना थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) दाबून वरून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली. थिंबल साध्या पकडीने चेपायचं नाही, त्याची पक्कड वेगळी येते. मी पहिली तीन साध्या पकडीने चेपली आणि काकांनी ओढून तिन्ही हातात काढून दाखवली. वायर सगळी कोरुगेटेड पाइपातून, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट.

दिवे दोन घेतले, प्रत्येकी २० वॅटचे, पसरट उजेडाचे. लांब फेकणारे नकोत, आपल्याला सहा फुटांवरचा ब्लोअर बघायचाय, शेजाऱ्याची विहीर नाही. दोन दिवे मिळून साडेतीन अँपिअरसुद्धा घेत नाहीत. जुना एकटा हॅलोजन साडेचारच्या पुढे घ्यायचा.

आता खरी चूक सांगतो. दिवे मी सीटच्या मागे, खांद्याच्या उंचीला बसवले. अंगणात उभं राहून बघितलं तर टाकीवरची अक्षरं वाचता येत होती. बागेत ब्लोअर सुरू केला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. औषधाचं धुकं आणि त्यावर पांढरा उजेड, दोन्ही माझ्याच नजरेच्या रेषेत, सगळा उजेड परत डोळ्यात. नोझल आधीपेक्षाही कमी दिसत होते! वर किड्यांची झुंबड, एक कानात गेला. शिवाय वळताना एक दिवा मांडवाच्या खालच्या फांदीत अडकला आणि ब्रॅकेट वाकलं.

दिवे खाली आणले. ट्रॅक्टरवर नाहीच, ब्लोअरच्या चेसिसवर, दोन बाजूंना एकेक, गुडघ्याच्या उंचीला, नोझलच्या कमानीवर आडवा उजेड पडेल असे. वायर ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉली सॉकेटमधल्या एका मोकळ्या पिनवरून नेली, मायनसची पिन तिथे होतीच. ब्लोअर सोडला की प्लग काढायचा. रंगही बदलून घेतला: पांढऱ्याऐवजी पिवळसर, ३००० केल्विनचे. धुक्यातून पिवळा उजेड मुळातच आरपार जातो असं काही मला पटलेलं नाही, खरा फरक दिव्याच्या जागेने पडला. पण पिवळ्याला किडे कमी येतात आणि डोळा दमत नाही, एवढं नक्की.

आता मान वळवली की प्रत्येक नोझलचा पंख्यासारखा फवारा वेगळा दिसतो. एखादा बसला तर कमानीत काळी फट दिसते. प्रेशरचा काटाही दिसतो, आणि पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरवरून ब्लोअर फिरवणारा, शाफ्ट कुठे फिरतोय तेही, जे आधी आम्ही अंदाजाने ओलांडायचो. आता अंधारातच काय, दिवसाही कुणी ओलांडत नाही.

एक खोडी राहिली होती. दिवे लावले की डॅशवरच्या रेडिओत खरखर. आकाशवाणीवरची गाणी संपूर्ण दोन टाक्या ऐकू आली नाहीत म्हणून नाना नाराज. दिव्याची प्लस-मायनसची जोडी एकमेकींना पीळ देऊन घेतली आणि त्यावर एक फेराइटचं कडं चढवलं. खरखर पूर्ण गेली नाही, बातम्या कळतात.

दोन दिवे धरून सगळा खर्च तीन हजारांच्या आत बसला. आधीचा '१२६ वॅट'चा बार गोठ्यात लावलाय, तिथे तो बरा आहे. दर टाकीनंतर दिव्यांच्या काचा ओल्या फडक्याने पुसाव्या लागतात, बोर्डो मारल्यावर तर लगेच, नाहीतर निळसर साय धरते. आणि रस्त्याला लागायच्या आधी मागचे दिवे बंद करायचे, पहिल्याच रात्री मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने थांबून आईबापांची चौकशी केली होती.

पुढच्या हेडलाइट्सना अजून रिले लावलेला नाही. त्यांच्या स्विचवर हात ठेवला तर अर्ध्या तासात कोमट लागतो. सामान आणून ठेवलंय, पण आता माल उतरल्याशिवाय ट्रॅक्टर एक दिवसही मोकळा मिळायचा नाही.