पंगतीतले चेहरे

आमच्या फिल्म क्लबात दिग्दर्शक किंग व्हिडोरचा १९२८ सालचा 'शो पीपल' दाखवायचं ठरलं आणि माहितीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. नटी व्हायला हॉलिवूडला आलेल्या पेगी पेपरची ही गोष्ट. पेगी झालेली मॅरियन डेव्हिस त्यात सुरेख आहे. पण या मूकपटात त्या वेळचे खरे नटनट्याही स्वतःच्याच रूपात येऊन जातात. त्यांना ओळखून नावं लिहायची होती. तासाभरात होईल वाटलं, आठवडा गेला.

अडलं ते स्टुडिओतल्या जेवणाच्या प्रसंगापाशी. लांबलचक टेबल, आणि पंगतीत वाढत जावं तसा कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून पुढे सरकतो. मी चित्र थांबवायचे, वहीत क्रमाने जागा मांडायचे, मग जुन्या फोटोंशी ताडून पाहायचे. डग्लस फेअरबँक्स हसला की कळतोच. विल्यम एस. हार्ट लांबट, करारी चेहऱ्यावरून सापडला. १९२५ नंतर त्याने नायकाची कामं सोडली होती. तरी पाहुणा म्हणून आला, याचं मला फार अप्रूप वाटलं. बायकांच्या बाबतीत मात्र फसले. तीच केशरचना, त्याच कोरलेल्या भुवया. नॉर्मा टालमाज समजून भलत्याच नटीपुढे नाव लिहिलं होतं. शेवटी केस, रंगरंगोटी सोडून कान आणि हनुवटी बघायला लागले, तेव्हा कुठे यादी जुळली.

पडद्यामागच्या जागाही टिपून ठेवल्या. नटीला रडू यावं म्हणून सेटवर वादक सूर धरतात, ती मूकपटांच्या काळातली खरीच रीत. शेवटी तर व्हिडोर स्वतःच दिग्दर्शक म्हणून सेटवर दिसतो. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात ते दाखवणारा लघुपट केला होता. पत्रकात तेही आवर्जून घातलं.

एक नाव मात्र मी मुद्दाम छापलं नाही. पेगीसमोर एक लहानखुरा गृहस्थ वही धरून सही मागतो. मिशी नाही, ढगळ विजार नाही. ती त्याला ओळखतच नाही. त्या संध्याकाळी खोलीतही कुणी ओळखलं नाही. मग मागच्या रांगेतून एक आजोबा जवळजवळ उठलेच, "अरे, हा तर चार्ली!"

पडद्यावर पेगीला ते अजून कळायचं होतं.